धबधब्यांवरची बंदी आणि कोकणचा पावसाळा

जून महिना सरत आला की कोकणात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. तरवा उपटून भाताची लावणी हाती घेतली जाते आणि जिल्हा प्रशासनाकडून मनाई आदेश निघू लागतात. अमुक धबधब्यावर जाण्यास बंदी, तमुक धरणाच्या परिसरात जमाव करण्यास बंदी, समुद्रात उतरण्यास बंदी. पूर्वी या आदेशांत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा उल्लेख असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या जागी कलम १६३ आले. कलमाचा क्रमांक बदलला, आदेशाची भाषा तीच राहिली. त्याची वेळही फारशी बदललेली नाही. पुष्कळदा तो एखादी दुर्घटना घडून गेल्यावर, वृत्तपत्रांत टीका सुरू झाल्यावर निघतो. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी घाटरस्त्यांवर मोटारींची रांग लागलेलीच असते.

गेल्या काही वर्षांतील घटना आठवून पाहाव्यात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यांची अखेरच्या क्षणांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळली. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघांचा बळी गेला. यांतील दोन ठिकाणे घाटमाथ्याच्या पलीकडची असली तरी तेथे जाणारा वर्ग आणि कोकणातील धबधब्यांखाली भिजणारा वर्ग एकच आहे. मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथून सकाळी निघून रात्री परतणारा. त्यामुळे एका ठिकाणी दुर्घटना घडली की त्याचे पडसाद सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना उमटतात आणि बंदीची यादी लांबत जाते.

बंदी हा प्रशासनाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आदेशाला निधी लागत नाही, मनुष्यबळ लागत नाही, जागेची पाहणीही लागत नाही. शिवाय तो एकदा काढला की पुढच्या अपघाताची जबाबदारी आपोआप मृताच्या माथी जाते. मनाई असतानाही ते तेथे गेले होते, एवढे एक वाक्य पंचनाम्यात आले की प्रश्न मिटतो. धबधब्यापाशी दोर होता काय, धोक्याची पातळी दाखवणारी खूण होती काय, वरच्या अंगाला पाऊस वाढल्याचे खाली कळवणारा कोणी होता काय, हे मग कोणी विचारत नाही.

वास्तविक या जागांचा धोका अनाकलनीय नाही. कोकणातील नद्या आखूड आहेत. घाटमाथ्यावर उगम आणि शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्र, असा त्यांचा प्रवास. उतार तीव्र, खडक कठीण आणि पाणी मुरायला वाव थोडा. त्यामुळे माथ्यावर तासभर मुसळधार पाऊस झाला की त्याचा लोंढा पायथ्याशी पोहोचायला फार वेळ लागत नाही. पायथ्याशी त्या वेळी ऊनही पडलेले असू शकते. गुडघाभर पाण्यात बसलेल्यांना पाणी गढूळ झालेले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत आलेल्या दिसतात. गावकऱ्याला ही खूण कळते आणि तो काठाला येतो. शहरातून आलेला माणूस त्या वेळी छायाचित्र काढत असतो. धबधब्याखालच्या डोहाचे तेच. वरून शांत दिसणाऱ्या डोहात पाण्याने कोरलेले रांजणखळगे असतात, कपारी असतात, आणि शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरला की उत्तम पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

अंतराचाही एक मुद्दा आहे. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. हवामान खाते पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा देते. कोकणातील जिल्ह्यांना मात्र पिवळा, नारिंगी वा लाल असा एकच रंग मिळतो आणि त्यात घाटही येतो, किनाराही येतो. मालवणात जेमतेम सरी कोसळत असताना जिल्ह्याला ‘रेड अलर्ट’ असतो, असे दोन-तीनदा झाले की लोकांचा त्या रंगावरचा विश्वास उडतो. लाल इशाऱ्यामुळे शाळांना सुट्टी जाहीर होते आणि सुट्टी मिळाली म्हणून मुले पऱ्ह्यावर जातात, हा विरोधाभास कोकणातल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

आता ही जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न. आंबोलीचेच उदाहरण घेता येईल. मुख्य धबधबा सावंतवाडीहून वर चढणाऱ्या घाटरस्त्याच्या अगदी कडेला कोसळतो. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, डोंगर वन खात्याचा, वाहतूक पोलिसांची, कचरा गावाचा. धबधब्यावर येणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचे ठरले तेव्हा ते कोणी घ्यायचे आणि त्यावर हक्क कोणाचा, यावरून वाद झडले. हे आंबोलीपुरते नाही. चिपळूणजवळचा सवतसडा मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतो, मार्लेश्वरचा धारेश्वर देवस्थानाच्या परिसरात आहे, रायगडातील देवकुंडापर्यंत जायला जंगलातून पायवाट आहे. प्रत्येक ठिकाणी तीन-चार खाती आहेत आणि प्रत्येकाच्या अधिकाराची हद्द दुसऱ्याच्या हद्दीपाशी संपते. चांगली गोष्ट घडली तर श्रेयाला सारे असतात. अपघात घडला की दोर घेऊन दरीत उतरतात ते मात्र गावातले आणि परिसरातले तरुण. गिर्यारोहणाची आवड असलेली ही मुले स्वतःच्या खर्चाने साहित्य बाळगतात, भर पावसात मृतदेह वर काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामाला लागतात. त्यांना विमा नाही, मानधन नाही, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात बहुधा त्यांच्या दूरध्वनी क्रमांकापलीकडे त्यांची नोंद नाही.

या सहलींतून गावाला मिळते काय, हेही तपासले पाहिजे. पर्यटनातून कोकणचा विकास हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यामागचा हिशेब कोणी मांडत नाही. पावसाळ्यात किनारा बंद असतो. मे महिन्याच्या अखेरीपासून जलक्रीडा थांबतात, जंजिरा आणि सिंधुदुर्ग या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात (रो-रो नौका मात्र २०२० पासून पावसातही बऱ्याच अंशी चालू असते). म्हणजे ज्यांनी कर्ज काढून किनाऱ्यालगत निवास व न्याहारीच्या खोल्या बांधल्या, त्यांच्या खोल्या या तीन महिन्यांत बव्हंशी रिकाम्या राहतात. गर्दी होते ती घाटात, आणि ती मुक्कामाला नसते. डबा घरून आलेला असतो, मद्य वाटेत घेतलेले असते. गावात उरतात कणसे, भजी आणि चहा यांचे चार पैसे आणि फुटक्या बाटल्यांचा खच. ही बाटल्यांची काच नंतर भातशेतीत उतरते आणि लावणीला अनवाणी उभ्या राहिलेल्या बाईच्या पायात घुसते. या नुकसानीचा पंचनामा होत नाही.

याचा अर्थ सहली नकोत असा कोणी काढू नये. चुलीवर कणसे भाजणाऱ्या बाईच्या घरात त्या दोन महिन्यांतला पैसा गणपतीच्या खर्चाला उपयोगी पडतो. बंदीचा आदेश निघाला की पहिला फटका तिलाच बसतो. पर्यटक नाके चुकवून दुसऱ्या, अनोळखी आणि अधिक धोकादायक धबधब्यावर जातो. तिला टपरी उचलून नेता येत नाही. बंदीचा हा दुसरा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ओळखीच्या जागी निदान चार गावकरी असतात, हाक ऐकू जाते, गाडी जवळ असते. समाजमाध्यमांवर कोणीतरी टाकलेल्या ठिकाणाच्या नकाशावरून रानात शिरलेल्या टोळक्याला यातले काहीच नसते.

कोकणी माणसाचा स्वतःचा पावसाळा या गदारोळात हरवून जातो. बाहेरच्यांना जो पाऊस सहलीचा वाटतो तो येथे वर्षाच्या कामाचा असतो. आगोटीची तयारी मे महिन्यात उरकायची, कौले परतायची, लाकूडफाटा भरायचा, सुकी मासळी डब्यात घालायची, कोकमे वाळवायची. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला, नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस आधी, तेव्हा ही सारी घडी विस्कटली. शेवटचा आंबा झाडावर राहिला, कोकमे वाळली नाहीत आणि शेतकऱ्याला पेरणीसाठी वाफसा मिळेना. दर्याकाठी १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ती मात्र कोळी बांधवांनी मान्य केलेली बंदी आहे, कारण तिच्यामागचे कारण त्यांना पटलेले आहे आणि ती दरवर्षी ठरलेल्या तारखेला येते. लोक नियम पाळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाकडे पाहावे. तक्रारी तेथेही आहेत, विशेषतः मोठ्या यांत्रिक नौकांबद्दल. पण नियम काय आहे याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नाही.

या कामांच्या मधल्या फटीत येथील माणसाचीही सहल असते, फक्त तो तिला सहल म्हणत नाही. पहिल्या पावसात ओहोळाला चढणीचे मासे येतात तेव्हा अर्धा गाव बत्त्या घेऊन रात्री बाहेर पडतो. कुर्ल्या पकडायला जाणे, टाकळा, भारंगी, फोडशी, शेवळे खुडायला रानात जाणे, कातळावर उगवलेली अळंबी शोधणे, हे सारे अन्नासाठी आणि तितकेच मौजेसाठी असते. लावणी आटोपली की रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव चिखलनांगरणीच्या स्पर्धा भरतात. संगमेश्वर, लांजा, चिपळूण या पट्ट्यात त्या पाहायला होणारी गर्दी एखाद्या जत्रेला लाजवील अशी असते. श्रावणी सोमवारी कुणकेश्वर, मार्लेश्वर, हरिहरेश्वर येथे रांगा लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो.

अर्थात, स्थानिक म्हणजे सुरक्षित असेही नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी महाबळेश्वरला वर्षासहलीसाठी निघाले होते. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि एक जण वगळता बसमधील सारे दगावले. ही माणसे पावसाला नवखी नव्हती. ती त्याच पावसात वाढली होती आणि त्यावरच्या शेतीचा अभ्यास हा त्यांच्या संस्थेचा विषय होता. या दुर्घटनेनंतरही घाटरस्त्यांचे कठडे, दरडींची पाहणी, पावसातील वाहतुकीचे नियमन यांची चर्चा काही आठवडेच टिकली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी बसगाड्या गेल्या. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटले. २०२१ च्या २२ जुलैला तळियेवर दरड कोसळली आणि त्याच दिवशी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. या लोकांपैकी कोणीही मनाई आदेश मोडलेला नव्हता. ते घरी होते, एसटीत होते, झोपेत होते. पावसाळ्यातील सुरक्षिततेचा विचार पर्यटकांच्या बेशिस्तीपाशी थांबतो तेव्हा या साऱ्या घटना त्यातून बाहेर राहतात. धबधब्यावरच्या पोलिसाइतकीच तातडी दरडीखालच्या वाडीबद्दल दाखवली गेली तर बरे. तेथे दर जूनमध्ये स्थलांतराची नोटीस पोहोचते; कोठे जायचे, जनावरे कोठे बांधायची आणि लावणी कोणी करायची, हे त्या नोटिशीत नसते.

शेजारच्या गोव्याने या प्रश्नावर काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे, कारण तेथेही आधी बंदीच आली होती. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर सरसकट बंदी घातली. पुढच्याच रविवारी दूधसागराकडे शेकडो पदभ्रमणकर्ते लोहमार्गावरून निघाले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्याची दृश्ये सर्वत्र झळकली. नंतर मात्र ही सरसकट बंदी शिथिल करून कमी जोखमीची ठिकाणे खुली करण्याचा मार्ग धरला गेला. याहून महत्त्वाचा फरक जीवरक्षकांचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची पगारी सेवा आहे आणि ती पावसाळ्यातही सुरू असते. लाल बावटा लावून पाण्यात उतरू नका म्हणणारा माणूस तेथे उभा असतो. दूधसागर आणि मये तलाव येथेही जीवरक्षक नेमले गेले. कोकणच्या किनाऱ्यांवर काही ग्रामपंचायतींनी आपल्या परीने जीवरक्षक ठेवले आहेत, पण त्यांचा पगार ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून जेमतेम निघतो. धबधब्यांवर तर तेही नाहीत. गोवा छोटे राज्य आहे, त्याचे उत्पन्नच पर्यटनावर आहे, हे मान्य केले तरी गणपतीपुळे किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी हंगामापुरती अशी व्यवस्था उभी करणे महाराष्ट्राला न परवडणारे नक्कीच नाही.

निधी नाही असेही म्हणता येत नाही. जुलै २०२५ मध्ये वैभववाडी तालुक्यातील नापणे धबधब्यावर काचेचा पूल खुला झाला. त्याचे कौतुक झाले, गर्दीही झाली. पूल बांधायला पैसे मिळतात, कारण त्याचे उद्‌घाटन करता येते. चार जीवरक्षकांच्या चार महिन्यांच्या पगाराचे उद्‌घाटन करता येत नाही.

आंबोलीतच याच्या अगदी उलट वाटेने जाणारा एक उद्योग शांतपणे रुजला आहे. रात्रीच्या पावसात विजेऱ्या घेऊन बेडूक आणि साप पाहायला निघणाऱ्या छोट्या गटांचा. आंबोली टोड या नावाने ओळखला जाणारा, याच परिसरापुरता आढळणारा बेडूक, झाडावरून झेपावणारा मलबारी बेडूक, हिरवाकंच चापडा हे पाहण्यासाठी लोक दूरवरून येतात, दोन-तीन दिवस मुक्काम करतात, स्थानिक मार्गदर्शकाला पैसे देतात आणि त्याच्या मागून मुकाट्याने चालतात. हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या माशाचे नव्या जातीचा म्हणून २०२० मध्ये वर्णन झाले आणि त्याच्या अधिवासाला पुढच्या वर्षी जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, त्यामागेही अशाच हिंडणाऱ्या अभ्यासकांचे डोळे होते. धबधब्यावर दिवसाला येणाऱ्या हजारोंच्या तुलनेत ही मंडळी मूठभर आहेत. पण माणशी हिशेब केला तर गावात पैसा ती अधिक ठेवतात आणि बाटल्या ठेवत नाहीत. सर्वांनी बेडूक पाहावेत असा आग्रह धरणे हास्यास्पद ठरेल. भिजायला येणाऱ्याला भिजायचेच असते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र स्थानिक मार्गदर्शक, मर्यादित संख्या, ठरलेली वेळ आणि गावाकडे जाणारे शुल्क ही चौकट त्याच गावात चालताना दिसते आहे, तेव्हा ती धबधब्याला का लावता येऊ नये, याचे उत्तर संबंधित खात्यांनी द्यायला हवे.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. जंगलाच्या हद्दीत संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांची तरतूद आहे, त्यांना प्रवेशशुल्क घेता येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे आणि जिल्हाधिकारी त्याखालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, म्हणजे चार खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकारही आहे. अडचण वेळेची आहे. धबधब्यांचा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, जेमतेम अडीच महिन्यांचा. जुलैत दुर्घटना, मग आदेश, मग बैठक, मग प्रस्ताव, तोवर गणपती येतात आणि धबधब्यांची धार बारीक होते. प्रस्तावाची फाइल पुढच्या जुलैत पुन्हा उघडते. गावाने शुल्क किती घ्यायचे, दोर आणि दाखले कोणाकडे ठेवायचे, वरच्या वाडीतून पाणी वाढल्याचे कळवायला कोणाला नेमायचे, कोणत्या पातळीला धबधबा रिकामा करायचा, हे सारे पावसाआधी ठरावे लागेल. १ मे रोजी महाराष्ट्र दिनी राज्यभर ग्रामसभा होतात. कोकणात त्या दिवशी मुंबईकर चाकरमानीही गावी आलेले असतात आणि सभेला कधी नव्हे ती गर्दी असते. विषयपत्रिकेवर पाणीटंचाई आणि टँकर हे विषय असतातच. धबधब्याचा विषय त्याच सभेत घेतला गेला, तर जूनच्या पहिल्या रविवारी घाटात आदेशाच्या फलकाबरोबर गावातले दोन माणूसही उभे करता येतील.